हाउसिंग आधी, कॅमेरा नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाण्याखालच्या फोटोग्राफीवर अर्धं पान आलं होतं. लेख वाचनीय होता. मासे, पोवळी, अंदमानचं निळं पाणी, सगळं झकास. खटकली ती शेवटची चौकट. कॅमेरा घेताना काय पाहावं, तर मेगापिक्सेल जास्तीत जास्त, झूम जास्तीत जास्त, आणि खोक्यावर 'वॉटरप्रूफ' छापलेलं आहे ना एवढं बघा. हाउसिंगचा, म्हणजे कॅमेरा आत ठेवायच्या जलरोधक पेटीचा, उल्लेख एकदाच, तोही 'हवं असल्यास ॲक्सेसरी' म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागातून मालवणला गाड्याच्या गाड्या जातात. त्याआधी या चौकटीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. दुरुस्तीत काय असावं, ते माझ्या परीने लिहितो.

मी शिरपूरचा. फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईवर चालतो. पाण्यातल्या फोटोंचा नाद प्री-वेडिंगवाल्यांमुळे लागला, आणि नाद लागल्यावर तारकर्लीला जाऊन डायव्हिंगही रीतसर शिकलो. खान्देशात समुद्र कुठे, असं कोणीही म्हणेल. पण इथे विहिरी आहेत, तापी आहे, अनेर धरण आहे, पोहण्याचे तलाव आहेत, आणि मोबाइल पाण्यात बुडवून बघण्याची हौस तर घरोघरी आहे. तुमची चौकट व्हॉट्सॲपवर फिरली तेव्हापासून काउंटरवर रोज कोणी ना कोणी उभा असतो. परवा थाळनेरकडचा एक पोरगा नवा फोन पुढे करून म्हणाला, "भाऊ, हाऊ पानीमा चालस का?" चालतो, पण किती खोल आणि किती वेळ, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली. कुठे दीड मीटर, कुठे सहा मीटर, आणि तेही अर्ध्या तासापुरतं. त्यात हातपाय मारणं नाही, उडी नाही, मीठ नाही. फोन जुना झाला, एकदा पडला की आतलं सील तसंच राहिलं असेल याची खात्री कुणी देत नाही, आणि पाणी शिरून बिघाड झाला तर कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. शिवाय ओली काच बोटाला दाद देत नाही, म्हणजे पाण्याखाली बटण दाबायचीच पंचाईत. ॲक्शन कॅमेऱ्यांचं बरं आहे. बहुतेक गोप्रो नुसते १० मीटरपर्यंत, आणि त्यांच्या डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत नेता येतात. ओएम सिस्टीम कंपनीचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा (पूर्वीची ऑलिंपसची मालिका) नुसता १५ मीटर, त्याच्या हाउसिंगमध्ये ४५ मीटर. आता या टीजी-७ ला मेगापिक्सेल किती? बारा. खिशातल्या फोनला त्याच्या चौपट असतील. तरी बारीकसारीक जिवांचे फोटो काढणारे पाणबुडे हाच कॅमेरा मागतात, कारण तो लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो. चौकटीतली पहिली ओळ इथेच निकालात निघते.

आता हाउसिंग. १८९३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बुताँ पाण्यात उतरून फोटो घेऊ लागले, तेव्हा सगळी कारागिरी होती ती त्यांच्या इंजिनियर भावाने केलेल्या जलरोधक पेटीत. पुढे फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोंच्या गोटातून निघालेला कॅलिप्सो कॅमेरा निकॉनने १९६३ मध्ये 'निकोनॉस' नावाने आणला. त्याला वेगळी पेटी लागत नव्हती, पण ती मालिका २००१ मध्ये बंद पडली. आज मोठा कॅमेरा पाण्यात न्यायचा तर पेटीशिवाय गत्यंतर नाही. आणि ही पेटी एकाच मॉडेलची असते, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. बटणांची जागा दोन मिलिमीटर सरकली की पुढच्या मॉडेलला जुनी पेटी बसत नाही. कॅमेरा दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो, त्याची पेटी बनवणारे कारखाने जगात मोजकेच. म्हणून मी सांगतो, आधी पेटी मिळते का ते बघा, तिची रबरं नि काच आणखी काही वर्षं मिळतील का ते विचारा, आणि मग त्या पेटीत बसणारा कॅमेरा घ्या. तीन वर्षं जुना कॅमेरा आणि त्याची नीट पेटी ही जोडी नव्याकोऱ्या, पेटी नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही उजवी.

पेट्या दोन जातीच्या. पॉलिकार्बोनेटची हलकी, स्वस्त, बहुतेक ४० ते ६० मीटरला पुरते. पारदर्शक असली तर आत थेंब आला की लगेच दिसतो, हा तिचा मोठा गुण. ॲल्युमिनियमची नॉटिकॅमसारखी पेटी १०० मीटरची असते, बटणं कॅमेऱ्यावर असावीत तशी बोटाखाली येतात, पण किंमत कॅमेऱ्याएवढी, कधी त्याहून जास्त. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीच्या, परवान्यावर माणूस १८ मीटर जातो, हौसेच्या डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. १०० मीटरची पेटी घेऊन मिरवणाऱ्याने आधी आपला परवाना काढून बघावा.

खोलीचा आकडा म्हणजे काय तेही सांगायला हवं. पाण्यात दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो दाब वाढतो. मागचं झाकण १२ बाय ८ सेंटिमीटरचं धरा. १० मीटर खाली त्यावर जवळपास शंभर किलोचा रेटा बसतो. गंमत अशी की हा रेटा झाकण आत दाबतो, म्हणजे खोल गेल्यावर ते उलट घट्ट बसतं. गळती बहुधा वरच्या मीटर-दोन मीटरात होते, नाहीतर बोटीवरच्या धुण्याच्या टबात, जिथे दाब नसतो आणि दहा जणांच्या पेट्या एकमेकींवर आपटत असतात. गळतीचं कारणही फार मोठं नसतं. एक केस, वाळूचा एक कण, आणि आमच्याकडे कापूस.

हे कापसाचं जरा सविस्तर लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात ते सापडणार नाही. झाकणाच्या खाचेत ओ-रिंग असते, काळी नाहीतर रंगीत रबरी कडी. ती आणि समोरची कड यांच्यात काही आलं नाही तर पाणी येत नाही. एवढंच सगळं यंत्र. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की शिरपूर-चोपडा-अमळनेर पट्ट्यात हवेत तंतू असतात. जिनिंगजवळ राहणाऱ्याच्या तर भुवयांवरही. तो तंतू ग्रीस लावलेल्या रबरावर बसला की डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्या कडेकडेने पाणी आत येतं. त्यावर उपाय म्हणून माणसं काय करतात, तर सुती रुमालाने कडी पुसतात! म्हणजे तंतूवर तंतू.

कडी काढायची ती दोन बाजूंनी अंगठ्यांनी सरकवून, एका जागी तिला फुगवटा आला की बोटाने उचलून. सुई, टाचणी, पेचकस काही लावायचं नाही. खाचेला ओरखडा आला तर पेटीच गेली. कडी बोटांच्या चिमटीतून सावकाश फिरवायची. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं, कण असेल तिथे खरखर लागते. खाच चष्म्याच्या मऊ फडक्याच्या कोपऱ्याने पुसायची. मग मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस, कडीला नुसती चकाकी येईल इतकंच. जास्त ग्रीस म्हणजे जास्त पाणी अडणार असं वाटतं, पण जास्त ग्रीस फक्त जास्त कचरा गोळा करतं. आणि ग्रीस पेटीबरोबर आलेलं तेच. मोटार पंपाचं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावून कडी फुगवून आणणारे भेटतात. इतकंच कशाला, काही सिलिकॉनच्या कड्या दुसऱ्या कंपनीच्या सिलिकॉन ग्रीसनेही फुगतात. झाकण लावताना पारदर्शक कडेतून कडीची ओली काळी रेघ सगळीकडून अखंड दिसली पाहिजे. कुठे तुटक दिसली तर उघडा आणि पुन्हा पहिल्यापासून.

नवी पेटी पहिल्यांदा रिकामीच बुडवावी. समुद्रावर राहणाऱ्यांना यासाठी बोट लागते, आपल्याला विहीर पुरते. पेटीत टिश्यू पेपरची घडी ठेवायची, झाकण लावायचं, कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालायची. पेटी तरंगते, म्हणून दुसऱ्या जाळीत धोंडा घालून तो खाली बांधायचा. धोंडा पेटीला घासता कामा नये. दोराला मीटरमीटरवर गाठी मारून सोडायची, पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, वर काढून आधी पुसायची आणि मगच उघडायची. टिश्यू कोरडा तर कॅमेरा आत. पैसे थोडे जास्त असतील तर पंपाने आतली हवा ओढून निर्वात तपासणी करता येते. पेटीतल्या सेन्सरचा दिवा हिरवा राहिला तर पेटी पक्की, लाल झाला तर पाण्यात उतरायच्या आधीच कळतं. महागडा कॅमेरा असणाऱ्याने हा खर्च टाळू नये.

झूमबद्दलची दुसरी ओळ सर्वांत घातक. पाण्यात फोटोचा शत्रू म्हणजे अंतर. पाणी आधी लाल रंग गिळतं. चार-पाच मीटरवर तो जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, उरतो निळा नाहीतर हिरवा. आणि हे फक्त खोलीला लागू नाही, आडव्या अंतरालाही आहे. तीन मीटर लांबचा मासा झूम करून जवळ आणला तरी मधलं तीन मीटर पाणी आणि त्यातला गाळ फोटोत येतोच. म्हणून लेन्स रुंद, म्हणजे जास्त दृश्य मावणारी, हवी आणि माणूस जवळ हवा. समुद्रावर हात लांब करून पोचेल एवढं अंतर म्हणतात; तापीच्या पाण्यात मी त्याच्याही निम्म्यावर येतो.

रुंद लेन्सचीही एक भानगड आहे. पेटीची पुढची काच सपाट असेल तर पाण्यात वस्तू एक-तृतीयांशाने मोठी दिसते, म्हणजे २५ मिलिमीटरची लेन्स ३३ सारखी वागते आणि रुंदी जाते. घुमटासारखी गोल काच लावली की ती परत मिळते. पण घुमटामुळे कॅमेऱ्याला समोरचं दृश्य फार जवळ असल्यासारखं दिसतं, तेव्हा जवळ फोकस होणारी लेन्स लागते. छोट्या कॅमेऱ्याला पेटीच्या तोंडावर बाहेरून अटकवायची जादा लेन्स मिळते, ती पाण्यातच लावता-काढता येते. पेटी घेताना तिच्या तोंडाला ६७ मिलिमीटरचे आटे आहेत का, हा प्रश्न विचारावा. दुकानदार गांगरला तर दुसरं दुकान बघावं.

फ्लॅशचं समजावून सांगायला मला बोअरचा कॅमेरा फार उपयोगी पडतो. बोअरमध्ये कॅमेरा सोडून झरे बघणारी मंडळी गावोगाव आहेत, त्यांचा टीव्ही सगळ्यांनी पाहिलेला असतो. पाणी नितळ असेल तोवर पाइपाचा जोड दिसतो, झरा दिसतो. जरा गढूळ झालं की पडद्यावर नुसते पांढरे ठिपके, कारण दिवे लेन्सच्या भोवतीच असतात आणि गाळाचा प्रत्येक कण उजळून लेन्समध्ये परततो. कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशचंही अगदी हेच होतं. म्हणून पाण्याखाली फ्लॅश दांडीवर, लेन्सपासून दूर, बाहेरच्या बाजूला किंचित वळवून लावतात, आणि तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या इशाऱ्यावर फायबरच्या तारेने पेटतो. ज्याला कॅमेरा, पेटी आणि एक फ्लॅश एवढं परवडणार आहे, त्याने कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा, पण फ्लॅश सोडू नये. जो फ्लॅश घेणारच नाही त्याने चार-पाच मीटरच्या आत राहावं, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, रंग नंतर सुधारता येणारी) काढावी, आणि पांढरी पाटी समोर धरून त्या खोलीवरच व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, करावा. लाल फिल्टर बाजारात मिळतो तो निळ्या समुद्रासाठी. आमच्या विहिरीचं पाणी शेवाळाने हिरवं, तिथे जांभळट-गुलाबी, म्हणजे मॅजेंटा फिल्टर लागतो. लाल लावला तर पोरांचे चेहरे विचित्र येतात.

काचेवर आतून वाफ धरणे ही तक्रार मालवणहून परतलेल्यांची हमखास. पेटी किनाऱ्यावर, दमट हवेत बंद करतात, कॅमेरा आत तापतो, बाहेरून पाणी काच गार करतं, आणि आतली वाफ काचेवर येऊन बसते. शिरपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या ठणठणीत हवेत बंद केलेल्या पेटीत हा त्रास जवळपास नसतो. आमच्या उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा. किनाऱ्यावर असाल तर सकाळी एसी खोलीतच पेटी बंद करा, सिलिका जेलची पुडी आत सारा, आणि पाण्यातून वर येईपर्यंत उघडू नका. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबून घ्या. नाहीतर मीठ बटणांच्या दांड्यांत वाळतं. विमानाने अंदमानला निघाला असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

कुणी काय घ्यावं? जोडपं मालवणला एकदाच उथळ पाण्यात डुबकी मारणार असेल तर काहीच घेऊ नये. बरेच बोटवाले गोप्रोवर क्लिप काढून देतात, आणि पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्या माणसाचं लक्ष श्वासावर असावं, कॅमेऱ्यावर नव्हे. कॅमेरा सावरण्याच्या नादात पोवळ्यांवर पाय देणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. त्या पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही आपल्या लेखात यायला हवं होतं. पोहता येतं, विहिरीत-तलावात हौस करायची आहे, त्याला ॲक्शन कॅमेरा पुष्कळ. कडी, ग्रीस हे ज्याच्याने होणारच नाही, त्याच्यासाठी सीलाइफ कंपनीचा मायक्रो कॅमेरा आहे: पूर्ण बंद, उघडायला झाकणच नाही, मेमरी आतच, ६० मीटर चालतो, फोटो मात्र साधारण. मनापासून शिकायचं असेल तर टीजी-७, त्याची पेटी, आणि पुढच्या वर्षी फ्लॅश. फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, पाण्यात नेण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही घरात विचारूनच. जुना संच घेणार असाल तर पेटी आधी रिकामी बुडवून दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करायला लागला की काय ते समजा.

जाता जाता शेततळ्यांबद्दल. अलीकडे प्री-वेडिंगची पार्टी येते, रील दाखवते आणि म्हणते, आमच्या मळ्यात शेततळं आहे, तिथे पाण्याखालचं करू. मी ते काम घेत नाही, दुप्पट पैसे दिले तरी घेत नाही. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि एकदा आत घसरलेला माणूस पोहणारा असला तरी वर चढू शकत नाही, हातापायाला धरायलाच काही नसतं. त्यात नवरीच्या अंगावर भिजून जड झालेला घागरा. शिरपूर पॅटर्नच्या, म्हणजे पाणी मुरवायला खोल करून बंधारे घातलेल्या, नाल्यांचंही तसंच. बंधाऱ्याचं पाणी वरून शांत दिसतं, पण काठ सरळ तुटलेला असतो. ज्यांना करायचंच आहे त्यांना मी पोहण्याच्या तलावावर नेतो. तिथे जीवरक्षक असतो, पायऱ्या असतात, पाणी नितळ असतं, आणि दहा-अकराच्या उन्हात तळापर्यंत उजेड पोचतो, त्यामुळे फ्लॅशचीही गरज पडत नाही. घागऱ्याऐवजी हलकी जॉर्जेटची साडी नेसायची, काष्टा आतून पक्का, आणि पाण्यात आमचा एक पोहणारा पोरगा कायम नवरीच्या हाताच्या अंतरावर, फ्रेमच्या बाहेर.

आपला,
एक फोटो स्टुडिओवाला,
शिरपूर, जि. धुळे